चढावरचा थांबा

चढावर उभी राहिलेली मोटार पुन्हा चालती करायची तर तीन कामं एका दमात करावी लागतात. एका हाताने हातब्रेक सोडायचा, उजव्या पायाने रेस द्यायची आणि डाव्या पायाखालचा क्लच हळूहळू वर येऊ द्यायचा. क्लच पटकन सुटला तर इंजिन हिसका देऊन मरतं. उशिरा सुटला तर गाडी मागे घरंगळते. मी आयुष्यात मोटार चालवलेली नाही. पण दोन हंगाम एका सर्व्हिस मोटारीचा क्लच माझ्या पायाखाली होता, आणि त्या गाडीत बसणाऱ्या एकाही उतारूला ते ठाऊक नव्हतं.

तिथे माझ्या नवऱ्याचा पाय असायला हवा होता.

आम्ही दोघं अलिबागच्या वरच्या अंगाचे, मिठागरांवर वाढलेले. मिठागरात काम करणाऱ्याच्या टाचांना भेगा पडतात आणि त्या भरत नाहीत, कारण रोज सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उभं राहायचं असतं. माझा सासरा पायांना फडकी गुंडाळलेली असतानाच मेला. ते बघून माझा नवरा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाला आणि एका व्यापाऱ्याची मोटार धुण्याच्या कामाला लागला. धुता धुता ती चालवायला शिकला. तो व्यापारी मूळ बोर्ली पंचतनचा, मुसलमान. धंदा मुंबईत, घरदार बोर्लीला. त्याने खाडीच्या बंदरापासून बोर्लीपर्यंत उतारूंची मोटार सुरू केली, तेव्हा ड्रायव्हर म्हणून माझ्या नवऱ्याला पाठवलं. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी चौथी शिकलेली, म्हणून शेठने पाठवलेल्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायची.

बोर्लीला आम्ही शेठच्याच वाडीतल्या एका खोपटात राहायचो. मुंबईची बोट यायची त्या वेळेला मोटार बंदरावर असायची. गाडीला वर ताडपत्री, मागे दोन्ही अंगांना लाकडी बाकं आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक लांब सीट. पावसाळ्यात बोटी बंद, मग मोटारही बंद. बाकीचे आठ महिने आम्ही बरे होतो. त्याचे पाय कोरडे होते. एवढ्यासाठीच तो मिठागर सोडून आला होता आणि परत जायचं नाही हे त्याने पक्कं केलं होतं.

बंदरावरून निघालं की थोड्या अंतरावर चढ लागायचा. एका बाजूला डोंगर आणि गटार, दुसऱ्या बाजूला उतरण. चढाच्या मधोमध, जिथे तो सगळ्यात उभा, तिथे किंजळीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. तो वाटेवरचा देव. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे थांबायचं, हिरवी डहाळी मोडून देवापुढे टाकायची आणि मग पुढे जायचं. नारळ नको, फूल नको, नुसती डहाळी. चालणारे थांबत, गाडीवान बैल थांबवत. मोटार आली तशी मोटारही थांबायला लागली.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की तिथे देव कुणी बसवला असेल. गाडीवानांनी. अर्धा चढ चढून आलेल्या बैलांना दम खायला जागा लागते. बैल थांबतो, फुसफुसतो, चाकामागे दगड लावला की सुटा उभा राहतो आणि तेवढ्यात गाडीवान डहाळी टाकतो. बैलाला पुन्हा ओढायला लावणं सोपं असतं, एक चाबूक पुरतो. मोटारीला दम खायचा नसतो. तिला तिथे थांबवणं म्हणजे नको तिथे थांबवणं. पण बैलांचं होतं ते मोटारीला लागू झालं आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पहिल्या हंगामात माझा नवरा एकदा तिथे न थांबता गेला. बोट उशिरा आली होती, गाडीत बाळंतपणाला माहेरी निघालेली एक पोर होती, तिला कळा लागल्या होत्या. त्याने गाडी सरळ वर काढली. पोर घरी पोचून बाळंत झाली. ही गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्याला थंडी वाजून ताप आला. मग पुनवेला आला, अवसेला आला. डाव्या जांघेत गाठ आली आणि घोट्यावर सूज चढली. ताप उतरला की सूजही उतरायची, पण दरवेळी थोडी मागे ठेवून. हत्तीपाय त्या किनाऱ्याला नवा नव्हता. अर्ध्या गावाचे पाय जाड होते. त्यात असे कित्येक होते जे जन्मात त्या चढाने गेले नव्हते, होडीने जात-येत होते. पण हे कुणाला सांगायचं.

सुपारीच्या वाडीतली एक म्हातारी आमच्या गाडीने नेहमी जायची. पावसाळा सरून गाडी सुरू झाली तेव्हा तिने त्याचा पाय पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “डायवर, तू देवाला वलांडून गेलास. त्यानं तुझा पाय धरला.”

“आजी, त्या पोरीला कळा लागल्या व्हत्या,” तो म्हणाला.

“मग काय देवानं सुईण व्हायचं? डहाळी टाकायला कितीसा येळ लागतो?”

उतारू हसले. तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याने चढावर थांबायचं एकदाही चुकवलं नाही. नुसतं थांबायचं नाही, तर गाडीतून उतरायचं, स्वतः डहाळी मोडायची, देवापुढे ठेवायची, हात जोडायचे. पाय जितका जाड झाला तितका तो देवापुढे जास्त वेळ उभा राहायला लागला.

मी त्याला वैद्याकडे नेलं. वैद्याने लेप दिला. मिशनच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पाय वर करून झोपायला सांगितलं. मोटार पाय वर करून चालत नाही.

तिसऱ्या हंगामात त्या पायाला क्लच कळेनासा झाला. मला हे त्याने सांगितलं नाही, मी पाहिलं. पाऊल सुजून गुळगुळीत झालं होतं, बोटं आत रुतल्यासारखी दिसत. असा पाय जिथे ठेवाल तिथे नुसता वजन होऊन पडतो. खाली काय आहे, किती दाबलंय, किती सुटलंय, त्याला समजत नाही. सपाट रस्त्यावर गाडी एक-दोन धक्के खाऊन निघायची, लोक काही बोलत नसत. चढावर मात्र देवापाशी थांबून पुन्हा निघायचं म्हणजे संकट. त्या गाडीचा हातब्रेक खाऱ्या हवेने गंजलेला, अर्धामुर्धा धरायचा. म्हणून चाकामागे दगड लावायची रीत होती. दोन उतारू खाली उतरून दगड लावत आणि गाडी निघाली की दगड उचलून मागून धावत येऊन चढत. आधी पहिल्याच वेळेला गाडी निघायची. आता तीन-तीन, चार-चार वेळा इंजिन मरायचं, दरवेळी पुढे जाऊन हँडल मारावं लागायचं.

“डायवर, देवाला डहाळी दिलीस, आता मोटारीला पण एक दे,” असं कुणीतरी म्हणायचं.

“मोटार न्हाय रे, रेडा हाय. याला पराणी पायजे.”

एके दिवशी गाडी मागे सरकली. दगडावरून चाक गेलं आणि चार-पाच हात खाली येऊन ती डोंगराच्या अंगाला टेकली. कुणाला लागलं नाही. पण ते शेठच्या कानावर गेलं. मुंबईहून चिठ्ठी आली. मी वाचून दाखवली. पुन्हा असं ऐकलं तर दुसरा डायवर ठेवीन, एवढंच लिहिलं होतं. तो चुलीपाशी बसला होता. म्हणाला, “परत वाच.”

मी परत वाचली. दुसऱ्यांदा वाचल्याने त्यात काही वेगळं निघालं नाही.

मोटार गेली की खोपट जाणार आणि आम्हाला उत्तरेला परतावं लागणार होतं. तिथे मिठागराशिवाय काही नव्हतं. आणि तो पाय मिठाच्या पाण्यात आठ दिवससुद्धा टिकला नसता, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

मीच म्हटलं, “तुमच्या पायाला कळत न्हाय, तर माजा घ्या.”

“म्हंजे?”

“मी शेजारी बसते. तुमी हात, रेस, बिरेक बगा. क्लच मी दाबते.”

त्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाला, “बाईमाणूस पुढं बसतंय व्हय कुठं?”

“मिठागरात बाईमाणूस पुढंच असतंय. डोक्यावर पाटी घेऊन.”

पुढची सीट शेठची, तो नसला तर तलाठ्याची, नाहीतर कुणा बागायतदाराची. बाईने तिथे बसायचं कारण हवं होतं. ते मी मासळीत शोधलं. बंदरावरून सुकी मासळी आणून बोर्लीच्या बाजारात विकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाटी मागच्या बाकांमध्ये ठेवली. सगळी गाडी ओरडली. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन मी पुढे बसले. उतारू म्हणाले, बरं झालं, वास पुढे गेला. तलाठी एकदा शेजारी बसला, नाकाला उपरणं लावून उतरला, पुन्हा पुढे आला नाही. बोंबील आणि जवळा यांनी मला ती जागा मिळवून दिली.

दुसरी अडचण लुगड्याची. आमच्याकडे लुगडं गुडघ्याच्या वर खोचून नेसतात. तसं नेसून गिअरच्या दांड्याच्या पुढून उजवा पाय घातला तर उघडा पाय सगळ्यांना दिसणार. मी पायघोळ नेसायला लागले, पाय घोट्यापर्यंत झाकला जाईल असं. बाजारात बायका म्हणायच्या, “डायवरीण आता पायघोळ नेसती गो. मोटारीत बसून भटीण झाली.” मी म्हणायचे, हो, झाले. आणखी काय म्हणणार.

शिकायला मला आठ दिवस लागले. पहाटे, गाडी बंदराकडे रिकामी जायची तेव्हा. तो कोपराने माझ्या बरगडीत टोचायचा, तेव्हा दाबायचं. पुन्हा टोचलं की सोडायचं. पहिले दोन दिवस बरगडी काळीनिळी झाली आणि गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. तो चिडून म्हणाला, “अगो, सोडायचं म्हंजे टाकून देयाचं न्हाय. पोराच्या हातातनं काचेचं भांडं घेतेस ना, तसं.”

आम्हाला पोर नव्हतं. पण मला ते समजलं.

मग एक दिवस कळलं. क्लच वर येत असतो आणि एका जागी आल्यावर पायाखालची फळी थरथरते. इंजिनाचा आवाज थोडा जड होतो. ती जागा आली की पाय तिथेच धरायचा. तेवढ्यात त्याने हातब्रेक सोडला की गाडी मागे न जाता जागीच उभी राहते, दगडाशिवायसुद्धा. मग उरलेला पाय सोडला की ती पुढे निघते. त्यानंतर त्याला टोचावं लागलं नाही.

दोन हंगाम असं चाललं. उतारू म्हणायला लागले की डायवरचा हात बसला, गाडी कशी तेलासारखी निघते. सुपारीवाली म्हातारी म्हणायची, “देव पावला. पाय सोडला न्हाय, पन गाडी सोडली.” तो खूश व्हायचा. मला त्याच्या खूश होण्याचा राग यायचा. माझ्या पायाने गाडी निघत होती आणि श्रेय झाडाखालचा दगड घेत होता.

या दोन हंगामांत आमचं भांडण एकच होतं. रोज घरी आलं की मी म्हणायचे, “थांबू नका. खालून येग घेतलेला असतो, सरळ वर काडा. अर्ध्यात थांबला न्हाय तर चढ काई न्हाय. तुमचा तो पाय पन पुरेल.”

“आनि देव?”

“देव बैलांचा हाय.”

“तोंड आवर गो. एक पाय गेलाय. दुसरा घालवायचाय काय?”

“समद्या गावाचे पाय सुजलेत. खाडीवरचे, वाडीवरचे. ते कुटं वलांडून गेले?”

“त्यांचं त्यांना म्हाईत.”

इथे बोलणं संपायचं. त्याला वाटत होतं, थांबला नाही तर पाय आणखी जाईल. मला दिसत होतं, थांबतो म्हणून क्लचचं गुपित उघडं पडेल. मी कितीही बोलले तरी त्याच्या भीतीपर्यंत पोचत नव्हते. जो माणूस रोज पाय धुताना तो थोडा अधिक जाड झालेला बघतो, त्याच्याशी काय वाद घालणार. मी रडले नाही. रडून फळी थरथरत नाही.

दिवाळी झाल्यावर शेठ मुंबईहून आला. सकाळच्या बोटीने उतरला, बरोबर एक पाहुणा. मी पाटी घेऊन पुढे बसलेली. शेठ दारापाशी आला, वास घेतला आणि हसला.

“बाई, आज मागं बस. तुझ्या बोंबलांना पण बसव. पुढं मेहमान हाय.”

मी उतरले. माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने हातातल्या चाकाकडे बघितलं. पाहुणा मधे बसला, शेठ त्याच्या पलीकडे. मी मागे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या टोकाला बसले. समोर सुपारीवाली म्हातारी होती, बाकी चार-सहा उतारू.

सपाटीवर गाडी दोन धक्के खाऊन निघाली. चढ सुरू व्हायच्या आधी मी पुढे वाकून म्हटलं, “आज थांबू नका. शेठ घाईत हाईत.”

शेठने ऐकलं. म्हणाला, “हां डायवर, सीधा चल. मेहमानला घरी जेवायचंय.”

मला वाटलं, सुटलो. ज्याची गाडी तोच सांगतोय. देवाला तोंड दाखवायला एवढं कारण पुरे होतं. गाडी चढायला लागली, इंजिन जड झालं, पण चालत होती. किंजळीचं झाड दिसलं. वेग कमी झाला. त्याने गाडी थांबवली.

“मी बोललो ना, सीधा चल,” शेठ म्हणाला.

“देव हाय, शेठ,” तो म्हणाला, हातब्रेक ओढला आणि उतरला.

मी उडी मारून खाली आले आणि चाकामागे दगड लावला. दोन उतारूही उतरले. तो डहाळी मोडून देवापुढे उभा राहिला. लंगडत गेला, लंगडत आला. शेठ बघत होता. त्याने आधी कधी माझ्या नवऱ्याला चालताना नीट पाहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा इंजिन मेलं. दुसऱ्यांदा मेलं. एक उतारू हँडल मारायचा. तिसऱ्यांदा गाडी हातभर पुढे गेली आणि मेली, दगडावर परत बसली. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. लेंग्याखालून त्याचं पाऊल मला दिसत होतं. ते क्लचवर होतं, पण नुसतं ठेवलेलं, जसं कुणी पोतं ठेवावं तसं. त्या वेळी मी शेठला म्हणायला हवं होतं की तुम्ही उतरा, मला पुढे बसू द्या. मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर गुपित फुटलं असतं. नाही म्हटलं तरी फुटणारच होतं, पण ते त्या क्षणी मला वाटलं नाही. मला वाटलं, चौथ्यांदा निघेल.

चौथ्यांदा त्याने रेस जास्त दिली. गाडी जोरात उसळली, इंजिन मेलं आणि सगळं वजन मागे आलं. दगड निसटला. हातब्रेकने धरलं नाही. त्याने पाय ब्रेकवर आपटला असेल, पण तोपर्यंत मागचं चाक गटारात गेलं आणि गाडी डोंगराला तिरकी टेकली. मागे बसलेले एकमेकांवर पडले. सुपारीवाल्या म्हातारीचं मनगट बाकाखाली सापडून मोडलं. ती ओरडली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. पुढे गावात तिने सांगितलं की डायवर दारू प्यालेला होता. देवाचं नाव तिने त्यात घेतलं नाही. माझा नवरा दारू पीत नसे.

शेठ खाली उतरला, कपडे झटकले, पाहुण्याला उतरवलं. मग नवऱ्यासमोर आला.

“लेंगा वर कर.”

त्याने वर केला. शेठने वाकून बघितलं.

“किती दिवस?”

“चवथं वरीस चाललंय.”

“मग दोन वर्षं गाडी निघत कशी होती?”

त्याने लेंगा खाली सोडला. उतारू उभे होते, कुणीतरी म्हातारीच्या हाताला पंचा बांधत होतं. मी म्हटलं, “मी काडत व्हते.”

शेठने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या लुगड्याकडे, मग गाडीत सांडलेल्या जवळ्याकडे. त्याला सगळं समजलं. तो वाईट माणूस नव्हता. दुसरा कुणी असता तर तिथेच मारलं असतं. तो म्हणाला, “तोबा.” मग हात पुढे केला. “चावी दे, डायवर.”

आम्ही चालत बोर्लीला आलो. त्या पायाने त्याला दुपार उलटेपर्यंत वेळ लागला. वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, “मी थांबलो न्हाय असतो तर?”

काय उत्तर दिलं असतं तरी त्याला सोसलं नसतं.

शेठने खोपट लगेच सोडायला लावलं नाही, महिना दिला. पंधरा दिवसांनी नवा ड्रायव्हर आला. महाडकडचा, हिंदूच, चांगला दणकट माणूस. चार-आठ दिवस गाडी चालवून तो आमच्या दारात आला, कारण ड्रायव्हरचा खाकी कोट आमच्याकडे होता आणि शेठने तो आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, धुऊन देते, मळका द्यायचा नाही. कोट धुऊन वळणीवर टाकला आणि तो वाळेपर्यंत तो माणूस ओट्यावर बसून राहिला. माझा नवरा आत पडून होता, ताप होता.

मी चहा दिला. त्याने विचारलं, “वयनी, त्या चढावर मागचा डायवर कसा काय फसला?”

“देवापाशी थांबायचे,” मी म्हटलं. “तितनं गाडी निगायची न्हाय.”

“थांबायचे कशाला?”

“डहाळी टाकायला.”

तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, “मी पन टाकतो. खालीच मोडून घेतो, शेजारी ठेवतो, आनि देव आला की चालत्या गाडीतनंच फेकतो. कदी पडते, कदी न्हाय पडत. देवाला काय, पोचल्याशी मतलब.”

“कोन काय बोलत न्हाय?”

“कोन बोलनार? लोकांना घरी जायचं असतं.”

कोट वाळला. त्याने घातला, त्याला तो खांद्यात थोडा घट्ट झाला. तो गेला.

खोपटाची भिंत कुडाची होती. आतल्या माणसाला ओट्यावरचं सगळं ऐकू यायचं. मी आत गेले तेव्हा माझा नवरा कुडाकडे तोंड करून पडला होता. डोळे उघडे होते. त्याने ऐकलं का, मी विचारलं नाही. पाणी हवं का, एवढं विचारलं. तो नको म्हणाला.

दोन वर्षं रोज आम्ही एकच भांडण केलं, थांबायचं की नाही थांबायचं. तो देवाला घाबरत होता, त्याचं मला समजतं. पण मी घाबरत नव्हते. मी स्वतःला त्याच्यापेक्षा शहाणी समजत होते, चार यत्ता शिकलेली, देव बैलांचा आहे म्हणणारी. डहाळी फेकताही येते हे मला एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तर त्याने ते ऐकलं असतं. त्याला देव हवा होता, थांबा नको होता. मी मात्र त्याला देवच सोडायला सांगत राहिले.

मिठागरं सुरू झाली तेव्हा आम्ही उत्तरेला परत गेलो. मुकादमाने त्याचा पाय बघितला आणि नको म्हणाला. मला घेतलं. तो आणखी नऊ वर्षं जगला, दारात बसून. सकाळी मी कामाला निघाले की म्हणायचा, पायाला तेल लाव. मी लावायचे. तेलाने काही होत नाही.